बशीवर ‘टी. बी.’ लिहिलंय, म्हणून ती इस्पितळाचीच का?

इंदूरच्या रामबागेतल्या काकूंकडे माळा आवरायला काढला होता. जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या दोन वस्तू निघाल्या. एक जाडजूड पांढरी बशी, काठाला हिरवी रेघ आणि रेघेच्या खाली रोमन लिपीत दोन अक्षरं, टी. आणि बी. दुसरी वस्तू बुटक्या किटलीसारखी, पण तोंड अर्धं झाकलेलं आणि पुढे आखूड चोच. काकूंनी दोन्ही बोटांच्या टोकांनी उचलून गॅलरीत नेऊन ठेवल्या आणि मला फोन केला.

“अगं, भंगार घेणारा अटालेवाला खालीच उभा आहे. देऊन टाकू का? टी. बी.चं आहे हे. सासूबाईंची धाकटी बहीण होती ना दवाखान्यात.”

“काकू, त्याला जाऊ द्या. मी येतेच. आणि हात धुवायची घाई करू नका, त्या बशीनं काही होत नाही.”

जुन्या चिनी मातीच्या भांड्यांबद्दल मला अनेकदा विचारलं जातं, आणि इस्पितळाच्या भांड्यांबद्दल विचारताना प्रत्येकाच्या आवाजात ही भीती असते. म्हणून आधी तिच्याबद्दल बोलते. क्षयाचे जंतू रोग्याच्या खोकल्यातून, शिंकेतून हवेत जाणाऱ्या बारीक कणांवाटे पसरतात. ताटवाट्यांतून, कपबशांतून हा रोग लागत नाही. साठ-सत्तर वर्षं माळ्यावर पडलेल्या बशीतून तर नाहीच. आपल्या घरांत क्षयाच्या माणसाचा कप वेगळा, वाटी वेगळी, ती कोपऱ्यातल्या फळीवर पालथी घातलेली. असं वेगळं काढलेलं भांडं ज्यांनी लहानपणी पाहिलंय त्यांच्या मनातून तो धाक सहजी जात नाही, हे मला कळतं. रॉबर्ट कॉख यांनी या रोगाचा जंतू २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये जाहीर केला, पण त्यावर खरं औषध यायला पुढे साठेक वर्षं गेली. मधल्या काळात मोकळी हवा, विश्रांती आणि दूध-अंडी एवढीच मदार होती. लोक घाबरणार नाहीत तर काय करतील?

आता बशीकडे वळू. जुन्या संस्थेचं भांडं ओळखायचं तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: समोरचं नाव मालकाचं असतं, पाठीमागचं कारखान्याचं, आणि खुद्द माती या दोघांची साक्ष तपासते. बहुतेकांची चूक होते ती फक्त समोरचं वाचून निकाल देण्यात.

समोरच्या अक्षरांपासूनच सुरुवात करू. संस्थेच्या भांड्यावर पूर्ण नाव क्वचित असतं, आद्याक्षरं असतात. इंदुरात एम. आर. टी. बी. म्हटलं की रिक्षावालाही मनोरमा राजे टी. बी. हॉस्पिटलला नेऊन सोडतो. तेव्हा एखाद्या भांड्यावर ही चार अक्षरं ओळीनं असली तर विचार त्याच दिशेनं जाणार, आणि जायलाच हवा. नुसती टी. बी. ही दोन अक्षरं मात्र फसवी आहेत. इंग्रजी अमदानीत दौऱ्यावरच्या साहेबांसाठी आणि प्रवाशांसाठी सरकारी बंगले असत. आपल्याकडे माळव्यात त्यांना डाक बंगला म्हणायचे, पण मैसूर, मद्रास आणि मुंबई इलाख्याच्या कानडी भागात तो ट्रॅव्हलर्स बंगला, थोडक्यात टी. बी. कर्नाटकात जुनी मंडळी आजही “टी. बी.त उतरलोय” असं सहज म्हणतात आणि कुणी दचकत नाही. अशा बंगल्यात खानसामा असायचा, सरकारी कपबशा असायच्या, त्यांची मोजदाद व्हायची. बंगल्याची बशी आणि क्षयाच्या वॉर्डातली बशी समोरून अगदी सारखी दिसू शकते.

अक्षरांऐवजी चिन्ह असलं तर काम सोपं होतं. दोन आडव्या दांड्यांचा क्रूस, वरची आखूड आणि खालची लांब किंवा दोन्ही सारख्या, हे क्षयाविरुद्धच्या लढ्याचं जगभरचं चिन्ह आहे. १९०२ साली बर्लिनच्या परिषदेत सर्सिरों नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी ते सुचवलं. भारतात ट्यूबरक्युलोसिस असोसिएशन १९३९ मध्ये स्थापन झाली आणि तिनंही हेच चिन्ह घेतलं. शाळेत वाटायचे ते टी. बी. सीलचे छोटे स्टँप आठवतात? १९५० पासून ते सुरू झाले, त्यांवरचा लाल क्रूस तोच. भांड्यावर हा क्रूस असेल तर ‘बंगला’ हा पर्याय जवळजवळ बाद होतो.

इंदूरच्या वस्तूंना काळ ठरवायची एक देणगीच मिळालेली आहे, ती म्हणजे सरकारांची नावं. ‘होळकर स्टेट’ लिहिलेली सरकारी वस्तू संस्थान असतानाची. २८ मे १९४८ ला मध्य भारत झालं आणि १ नोव्हेंबर १९५६ ला ते मध्य प्रदेशात गेलं. म्हणजे ‘मध्य भारत’ किंवा नुसतं म. भा. असं लिहिलेलं भांडं साडेआठ वर्षांच्या फटीतलंच असणार. इतकी नेमकी तारीख तर चांगल्या चांगल्या विलायती शिक्क्यांवरूनही मिळत नाही. ग्वाल्हेरकरांनाही म. भा.चा हिशेब लागू आहे. बडोद्याच्या वाचकांनी १ मे १९४९ लक्षात ठेवावं, त्या दिवशी संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. अर्थात ही तारीख भांडं बनल्याची. वापरात ते पुढे वीस वर्षंही राहिलं असेल. सरकार बदललं म्हणून कुणी चांगल्या बशा फोडत नाही.

आता बशी उलटी करा. मागे छापलेला शिक्का कारखान्याचा, आणि इथे पहिली फसगत राजचिन्हाची. सिंह, एकशिंगी घोडा आणि मध्ये मुकुट दिसला की घरातले म्हणतात, “राणीच्या घरची आहे.” तसं नसतं. असंख्य ब्रिटिश कारखाने आपल्या शिक्क्यात ते चिन्ह सर्रास घालत. त्याच्या खालचं बारीक अक्षर भिंगानं वाचा. नुसतं ‘इंग्लंड’ असेल तर सहसा १८९१ नंतरचं, कारण त्या वर्षापासून अमेरिकेनं आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं आणि निर्यात करणाऱ्या कारखान्यांनी ते सगळ्याच मालावर छापायला सुरुवात केली. ‘मेड इन इंग्लंड’ बहुधा विसाव्या शतकातलं. ‘निप्पॉन’ म्हणजे जपानचा १९२१ च्या आधीचा माल, ‘ऑक्युपाइड जपान’ म्हणजे युद्धानंतरची, १९५२ पर्यंतची काही वर्षं. ‘चेकोस्लोव्हाकिया’ असेल तर १९१८ च्या आधीचं असूच शकत नाही, कारण तो देशच नव्हता. ‘डिशवॉशर’ हा शब्द कुठेही दिसला तर आजीच्या काळाची गोष्ट विसरा.

इंग्लंडच्या स्टॅफर्डशरमधले डन बेनेट, ग्रिंडली, मॅडॉक यांसारखे कारखाने हॉटेल, जहाज आणि इस्पितळांसाठी जाड भांडी बनवण्यात मुरलेले होते. तिथल्या काही कारखान्यांची एक पद्धत फार उपयोगी आहे. भांडं कच्चं असताना, भट्टीत जाण्याआधी, मातीत महिना आणि वर्षाचे आकडे दाबायचे. ते छापलेले नसतात, त्यामुळे त्यांना रंग नसतो. बशी तिरकी धरून खिडकीच्या उजेडात फिरवली की सावली पडते आणि आकडे उमटतात. उजेड पुरला नाही तर पातळ कागद ठेवून वरून पेन्सिल आडवी फिरवा, नाण्याचा छाप घेतो तसा. पण प्रत्येक दाबलेला आकडा तारीख नसतो. मापाचा असतो, साच्याचा असतो, कारागिराचा असतो. दोन आकडे एकमेकांपासून सुटे असतील आणि पहिला बारापेक्षा मोठा नसेल, तेव्हाच महिना-वर्षाची शंका घ्यावी.

शिक्का देशी असेल तर अजून चांगलं. कलकत्त्याची बेंगॉल पॉटरीज, आपल्या शेजारची ग्वाल्हेर पॉटरीज या नावांची भांडी जुन्या घरांत अजून सापडतात. सौराष्ट्रात थान-मोरबीकडे पॉटरीचा पाया घालणारे परशुराम गणपुले तर मराठी माणूस. या कारखान्यांच्या मालाला विलायती भांड्याइतका भाव मिळत नाही म्हणून लोक तो टाकून देतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. आपल्या इस्पितळांची गोष्ट सांगायला तीच भांडी जास्त लायक आहेत.

शिक्का पुसलेला असेल, किंवा नसेलच, तर मातीला विचारा. संस्थेसाठी भांडी घेणारा माणूस नक्षी बघत नाही. पडलं तर फुटू नये, उकळत्या पाण्यात तडकू नये आणि आत काही मुरू नये, एवढंच तो बघतो. त्यासाठी माती इतक्या तापमानाला भाजतात की तिचे कण वितळून एकजीव होतात. अशी माती वजनाच्या अर्ध्या टक्क्याच्या आसपास किंवा त्याहूनही कमी पाणी पिते. साधी, कमी भाजलेली पांढरी माती पाच-दहा टक्के सहज पिते. घरी बघायचं कसं? बशीच्या बुडाला जे कडं असतं, ज्यावर ती टेकते, तिथे बऱ्याचदा झिलई, म्हणजे वरचा काचेसारखा चकचकीत थर, नसते. त्यावर पाण्याचा एक थेंब ठेवा. थेंब मोत्यासारखा उभा राहिला तर माती घट्ट. डाग पसरून आत शोषला गेला तर साधी. मग बशी तीन बोटांवर तोलून नखानं काठावर टिचकी मारा. घट्ट, अखंड बशी खणखणीत वाजते. बद्द आवाज आला तर कुठेतरी तडा आहे, डोळ्याला दिसो वा न दिसो. आणि बुडाशी तीन बारीक खरखरीत टिंबं त्रिकोणात लागली तर घाबरू नका, दोष नाही तो. भट्टीत भांडी एकमेकांना चिकटू नयेत म्हणून मध्ये तिवई ठेवत, तिची ती खूण.

आता सगळ्यात महत्त्वाची तपासणी. ती मी काकूंच्या जेवणाच्या टेबलावर, पश्चिमेच्या खिडकीशी बसून केली आणि त्यांच्याही हातात भिंग दिलं. अक्षरं झिलईच्या खाली आहेत की वर? डोळे मिटून अक्षरांवरून बोट फिरवा. काहीच लागलं नाही, काचेखाली ठेवलेल्या चित्रासारखं गुळगुळीत असेल, तर अक्षरं आधी छापली आणि झिलई नंतर चढली. म्हणजे बशी बनतानाच या मालकासाठी बनली. नखाला किंचित उंचवटा लागला, किंवा तिरक्या उजेडात अक्षरांची चमक बाकीच्या बशीपेक्षा वेगळी दिसली, तर अक्षरं झिलईवर नंतर बसवलेली आहेत. तेही कारखान्यात होत असे, त्यामुळे लगेच खोटं म्हणू नका. मात्र चरे बघा. वर्षानुवर्षं सुऱ्या-चमच्यांनी बशीवर केसांसारखे बारीक चरे पडतात. हे चरे अक्षरांना कापून जात असतील तर अक्षरं चऱ्यांच्या आधीची. चरे अक्षरांच्या खाली शिरून पलीकडे निघत असतील, तर कुणीतरी जुन्या कोऱ्या बशीवर हल्ली अक्षरं चढवली आहेत. जुन्या संस्थांच्या वस्तूंना भाव आल्यापासून हा उद्योग वाढला आहे. बुडाचं कडं झिजल्यासारखं दाखवायला पॉलिश पेपरही घासतात. खरी झीज सगळीकडे वेडीवाकडी असते आणि तिच्यात मळ मुरलेला असतो. पेपरचे ओरखडे एकाच दिशेनं जातात आणि पांढरेशुभ्र असतात.

रंगाचंही कोडं इथेच सुटतं. संस्थांच्या भांड्यांवर हिरवी किंवा निळी रेघच का? झिलईखालचा रंग भट्टीच्या आचेत टिकला पाहिजे. कोबाल्टचा निळा आणि क्रोमचा हिरवा त्या आचेला भरवशाचे. म्हणून रेल्वे असो, मेस असो की इस्पितळ, तीच रेघ. आणि हाच नमुना वीस-तीस वर्षं परत परत मागवला जायचा, कारण दरसाल काही भांडी फुटायचीच. तेव्हा रेघेवरून काळ काढायला जाऊ नये.

एक खुलासा आपल्या बाजूनं करायला हवा. परदेशातल्या सॅनेटोरियमची, म्हणजे क्षयरोग्यांना मोकळ्या हवेत ठेवायच्या इस्पितळांची, चिनी मातीची भांडी संग्राहकांकडे ढिगानं असतात, आपल्याकडे इतकी कमी का? इथल्या साध्या वॉर्डात बहुतेक कारभार इनॅमलच्या पांढऱ्या-निळ्या ताटांवर, पुढे ॲल्युमिनियमवर चाले, आणि कित्येक ठिकाणी घरचे डबा आणून देत, भांडीही घरचीच. शिवाय सोवळ्याच्या घरांत चिनी मातीला स्वयंपाकघरात येऊच देत नसत. पितळ्याचं भांडं राखेनं, चिंचेनं घासून शुद्ध होतं. मातीचं एकदा उष्टं झालं की झालं. कपबशी आपल्या घरात आली ती चहाचं बोट धरून, आणि बराच काळ वेगळ्या कपाटात राहिली. त्यामुळे इस्पितळाचं चिनी मातीचं भांडं हाती लागलं तर ते सहसा स्पेशल वॉर्डातलं, नाहीतर डॉक्टर-नर्सच्या मेसमधलं असतं.

ती भांडी बाहेर कशी आली? १९४३ मध्ये क्षयावरचं औषध स्ट्रेप्टोमायसिन सापडलं, १९५२ मध्ये आयसोनियाझिड वापरात आलं. मग १९५६ साली मद्रासला एक केंद्र उघडलं आणि तिथं वस्तीतल्या गरीब रुग्णांना घरीच ठेवून औषध देऊन पाहिलं. १९५९ मध्ये निकाल आला: औषधं नेमानं घेतली तर घरी राहणारा रुग्ण सॅनेटोरियममधल्या रुग्णाइतकाच बरा होतो, आणि घरच्यांनाही जास्त धोका पोचत नाही. हे काम भारतात झालं आणि साऱ्या जगानं ते उचललं, याचा अभिमान वाटायला हवा. खाटा रिकाम्या होत गेल्या, वॉर्ड दुसऱ्या रोगांना मिळाले, भांडी डेड स्टॉक रजिस्टरमधून कमी झाली, लिलावात गेली, तिथून अटाल्यात. काही कर्मचाऱ्यांच्या घरी.

काकूंच्या बशीचं काय निघालं? थेंब उभा राहिला. टिचकी खणखणीत. अक्षरं झिलईखाली, चरे वरून गेलेले, म्हणजे बशी अस्सल. मागे ‘मेड इन इंग्लंड’ आणि मातीत दाबलेले दोन सुटे आकडे, ३ आणि ३६. मार्च १९३६. क्रूस नाही, इस्पितळाचं तिसरं-चौथं अक्षर नाही. मी काकूंना विचारलं, “मामंजी नोकरीला कुठे होते?”

“इंदूरला येण्याआधी धारवाडकडे. बांधकाम खात्यात ओव्हरसियर. सारखे दौऱ्यावर.”

बांधकाम खातं, धारवाड, सरकारी बंगले. काकू माझ्याकडे बघत राहिल्या आणि मग त्यांनी बशी पहिल्यांदा पूर्ण हातानं उचलली. माझा कौल ट्रॅव्हलर्स बंगल्याच्या बाजूनं आहे.

ते चोचीचं भांडं म्हणजे फीडिंग कप. उठून बसता न येणाऱ्या रोग्याला पडल्या पडल्या दूध किंवा पेज पाजायला तो वापरत. तोंड अर्धं झाकलेलं, म्हणजे अंगावर सांडत नाही. असे कप सगळ्याच इस्पितळांत आणि बऱ्याच घरांतही असत, त्यामुळे आकारावरून रोग ओळखता येत नाही. यावर ना अक्षर, ना शिक्का. झिलईला कोळ्याच्या जाळ्यासारखे तडे, आणि चोचीच्या आतल्या बाजूला पिवळट झाक. बशीवर नाव होतं आणि ती दवाखान्यातली नव्हती. हा कप मात्र मावससासूबाईंचा, तो दवाखान्यातून त्यांच्याबरोबर परत आला, असं काकूंच्या सासूबाई सांगत.

अशा वेळी त्या सांगण्याचीच नोंद ठेवायची. पोस्टकार्डाएवढ्या कागदावर कोणी सांगितलं, त्यांचं नातं काय, त्यांनी स्वतः पाहिलं होतं की ऐकलं होतं, आणि आजची तारीख. वस्तूवर काही लिहू नका, चिकटवू तर मुळीच नका. घरात जुनी पत्रं, डिस्चार्ज कार्ड, फोटो असतील तर त्याच पिशवीत ठेवा. फोटोत खाटेशेजारच्या स्टुलावर काय ठेवलंय ते भिंगानं बघा. माणसांचे चेहरे सगळेच बघतात, स्टूल कुणी बघत नाही.

दोन सूचना देऊन ठेवते. तडे गेलेलं जुनं भांडं ब्लीचमध्ये बुडवू नका, ब्लीच तड्यांतून आत जाऊन झिलई उचलते. साधं कोमट पाणी, मऊ फडकं आणि सौम्य साबण पुरे. आणि त्यात खाऊ-पिऊ नका. कारण क्षय नव्हे, शिसं. जुन्या झिलईत आणि झिलईवरच्या रंगांत शिसं असू शकतं, आणि आमटी, ताक, लोणचं अशा आंबट पदार्थांत ते उतरतं.

काकूंनी कागद माझ्यापुढे सरकवला, मग परत ओढून घेतला आणि स्वतःच लिहायला बसल्या. मावससासूबाईंचं नाव लिहिताना त्या थांबल्या. सगळे त्यांना घरात ‘ताई’च म्हणायचे. खरं नाव आठवेना. त्यांनी पुण्याच्या नणंदेला फोन लावला.